शाळेतील जागल्या : मौनाला शिक्षा, बोलण्याला धोका

बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन या गावी १६ जुलै २०१३ रोजी सरकारी प्राथमिक शाळेतील माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. कीटकनाशकाचा अंश असलेले तेल स्वयंपाकात वापरले गेले होते. तेल नेहमीसारखे नाही, ही शंका स्वयंपाकिणीने मुख्याध्यापिकेच्या कानावर घातली होती. मात्र तेच तेल वापरण्यास तिला सांगण्यात आले, अशी माहिती त्या वेळी पुढे आली. २०१६ मध्ये कनिष्ठ न्यायालयाने मुख्याध्यापिकेला दोषी ठरवून शिक्षा सुनावली. या घटनेनंतर अन्नाची साठवण, चव घेऊन पाहणे, तपासणी यांविषयी पुष्कळ नियम झाले. मानधनावर काम करणाऱ्या एका बाईने वरिष्ठांचा शब्द डावलून गैरप्रकार सांगायचा तर तो कोणाला सांगायचा, आणि सांगितल्यावर तिचे काम टिकेल याची हमी कोण देणार, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांमधील कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार उघड करणे व तसे करणाऱ्यांना संरक्षण मिळणे, हा विषय याच प्रश्नाभोवती फिरतो. शिक्षक, लिपिक, शिपाई, स्वयंपाकी, वसतिगृह अधीक्षक अशा सर्वांचा त्यात समावेश होतो. भारतात या विषयाला एकसंध कायदा नाही. निरनिराळे अधिनियम, नियम आणि शासकीय ठराव यांतून त्याचे तुकडे जुळवावे लागतात. आणि ते जुळवले असता एक विसंगत चित्र दिसते. एका प्रकारच्या गुन्ह्याबाबत गप्प बसणे हाच गुन्हा आहे, तर अन्य बहुतेक गैरप्रकारांबाबत बोलणे हे गैरवर्तन ठरू शकते.

संकल्पना आणि शब्द

इंग्रजीतील ‘व्हिसल ब्लोअर’ या संज्ञेला मराठी वृत्तपत्रांनी ‘जागल्या’ हा प्रतिशब्द रूढ केला. गावगाड्यात रात्री पहारा देणारा तो जागल्या. संकटाची चाहूल लागताच गावाला उठवणे हे त्याचे नेमून दिलेले काम होते आणि त्याबद्दल त्याला गावाकडून मोबदला मिळत असे. आधुनिक जागल्याची स्थिती नेमकी उलट आहे. संस्थेतील गैरप्रकाराची माहिती त्याला नोकरीमुळे मिळते आणि ती उघड केल्यास पहिला घाव त्याच नोकरीवर पडण्याची शक्यता असते.

जागल्या आणि सामान्य तक्रारदार यांत फरक आहे. स्वतःची वेतनवाढ रोखली गेली म्हणून दाद मागणारा शिक्षक हा तक्रारदार असतो. शाळेच्या पटावर खोटी नावे आहेत, शालेय पोषण आहाराचा तांदूळ बाहेर विकला जातो, पदभरतीत पैसे घेतले जातात किंवा एखादा कर्मचारी मुलांशी दुर्वर्तन करतो, अशी माहिती सार्वजनिक हितासाठी सक्षम यंत्रणेला देणारा तो जागल्या. व्यवहारात या दोन भूमिका अनेकदा एकमेकींत मिसळतात आणि चौकशी अधिकारी त्याचाच आधार घेऊन ‘वैयक्तिक वैमनस्यातून केलेली तक्रार’ असा शेरा मारतात.

साक्षीदारच सहीचा धनी

शाळेतील गैरप्रकारांचे वैशिष्ट्य असे की, ते कागदावर घडतात आणि त्या कागदावर कनिष्ठ कर्मचाऱ्याची सही असते. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात शाळांची विशेष पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून विद्यार्थ्यांच्या बोटाला शाई लावण्यात आली. पटावरील सुमारे २० लाख विद्यार्थी प्रत्यक्षात आढळले नाहीत. या प्रत्येक नावापुढे हजेरीपटावर रोज कोणी ना कोणी वर्गशिक्षक ‘उपस्थित’ अशी खूण करीत होता. त्यांपैकी अनेकांची नोकरी तुकडीतील पटसंख्येवर अवलंबून होती, म्हणजे खोट्या नावांचा पहिला साक्षीदार आणि कागदोपत्री पहिला दोषी एकच होता.

पदभरती व मान्यतेच्या प्रकरणांतही हेच आढळते. शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहारात डिसेंबर २०२१ मध्ये राज्य परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली आणि पुढे ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली. त्याचा माग पुणे पोलिसांना अन्य भरती परीक्षांच्या तपासातून लागला होता. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळखक्रमांकांद्वारे अपात्र व्यक्तींना शिक्षक म्हणून वेतन दिले गेल्याचे प्रकरण उघडकीस आले आणि त्यातही शिक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक झाली. अशा प्रकरणांत कागद अनेक टेबलांवरून फिरतो, त्यामुळे त्याची माहिती असलेली माणसेही अनेक असतात. ती आधी का बोलली नाहीत, याचे उत्तर त्यांच्या नीतिमत्तेइतकेच त्यांच्यापुढील कायदेशीर पर्यायांतही शोधावे लागते.

जेथे मौन हाच गुन्हा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अर्थात ‘पोक्सो’ हा या विषयातील सर्वांत ठाम कायदा आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथक किंवा स्थानिक पोलीस यांना कळविणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांना सांगितले, संस्थाचालकांच्या कानावर घातले, एवढ्याने हे कर्तव्य पूर्ण होत नाही. माहिती न दिल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीबाबत माहिती दडविल्यास ही मुदत एक वर्षापर्यंत जाते.

याच कलम १९ मध्ये सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी उत्तरदायित्व येणार नाही, अशीही तरतूद आहे. माहिती मिळाल्यावर पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समिती व विशेष न्यायालय यांना कळवायचे असते. लहान मुलांच्या सुरक्षेसाठी असलेली १०९८ ही मदतवाहिनीही उपलब्ध आहे.

न्यायालयांनी या तरतुदीकडे गांभीर्याने पाहिले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहात अल्पवयीन आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात एका डॉक्टरने माहिती असूनही पोलिसांना कळविले नाही, असा आरोप होता. त्याच्याविरुद्धचा गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि माहिती न देणे हा गंभीर अपराध असल्याचे स्पष्ट केले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचारानंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली. वेळेवर माहिती न दिल्याबद्दल शाळेच्या व्यवस्थापनाविरुद्धही गुन्हा नोंदविण्यात आला.

तथापि, या कायद्यातील कवचाला एक मोठे छिद्र आहे. ते माहिती देणाऱ्याला खटल्यापासून वाचवते, परंतु बदलीपासून, निलंबनापासून, प्रतिकूल गोपनीय अहवालापासून किंवा कंत्राट न वाढविण्याच्या निर्णयापासून वाचवत नाही. संस्थेची बदनामी केली म्हणून नोटीस मिळालेल्या शिक्षिकेला ‘पोक्सो’चा आधार युक्तिवाद म्हणून घेता येतो, नोकरी टिकविण्याची थेट हमी त्यात नाही.

जेथे बोलणे हे गैरवर्तन

आर्थिक व प्रशासकीय गैरप्रकारांबाबत परिस्थिती आणखी अवघड आहे. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत, तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना, म्हणजेच जिल्हा परिषद शिक्षकांना, महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७ लागू आहेत. कार्यालयीन माहिती विनापरवानगी बाहेर देणे आणि शासनाच्या धोरणावर वृत्तपत्रांतून टीका करणे यांवर या नियमांनी निर्बंध घातले आहेत. जुलै २०२५ मध्ये राज्य शासनाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत काढलेल्या शासन निर्णयाने हे निर्बंध समाजमाध्यमांपर्यंत स्पष्टपणे नेले.

शासकीय नोकरी पत्करल्याने नागरिकाचे मूलभूत हक्क संपुष्टात येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६२ मध्येच सांगितले आहे. परंतु ते तत्त्व न्यायालयात जाऊन सिद्ध करावे लागते. कारणे दाखवा नोटीस मात्र शाळेच्या पत्त्यावर येते.

उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारी प्राथमिक शाळेतील मुले मिठासोबत पोळी खात असल्याचे चित्रण स्थानिक पत्रकार पवन जयस्वाल यांनी प्रसिद्ध केले. त्यानंतर शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरून खुद्द जयस्वाल आणि त्यांना माहिती देणारा गावातील प्रतिनिधी यांच्यावर कटाचा व फसवणुकीचा गुन्हा नोंदला गेला आणि त्या प्रतिनिधीला अटक झाली. डिसेंबर २०१९ मध्ये पोलिसांनी जयस्वाल यांना निर्दोष ठरविले. ज्याच्यामागे वृत्तपत्र होते त्याची ही स्थिती झाली. शाळेतील शिपाई किंवा स्वयंपाकीण अशा प्रसंगी काय करील, याची कल्पना करणे कठीण नाही.

दुबे यांच्या हत्येपासून २०१४ च्या कायद्यापर्यंत

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातील अभियंता सत्येंद्र दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातील गैरव्यवहाराची माहिती पंतप्रधान कार्यालयाला कळविली होती आणि आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती केली होती. ती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली. देशभर उसळलेल्या संतापानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने विचारणा केल्यानंतर केंद्र सरकारने २१ एप्रिल २००४ रोजी एक ठराव काढला. सार्वजनिक हितासाठी केलेल्या माहितीप्रकटनाच्या तक्रारी स्वीकारण्याचे काम त्यान्वये केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविण्यात आले.

या ठरावाचे रूपांतर कायद्यात होण्यास दहा वर्षे लागली. लोकसभेने डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने २१ फेब्रुवारी २०१४ रोजी विधेयक मंजूर केले. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. या कायद्यातील प्रमुख तरतुदी अशा आहेत :

- कोणताही लोकसेवक, कोणतीही व्यक्ती किंवा स्वयंसेवी संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे माहिती देऊ शकते. राज्याच्या कर्मचाऱ्यांबाबत राज्य दक्षता आयोग किंवा राज्य सरकारने अधिसूचित केलेला अधिकारी हा सक्षम प्राधिकारी असेल.
- भ्रष्टाचार, अधिकाराचा हेतुपुरस्सर दुरुपयोग आणि लोकसेवकाने केलेला फौजदारी गुन्हा हे तिन्ही विषय तक्रारीच्या कक्षेत येतात.
- तक्रारदाराने आपली ओळख देणे आवश्यक आहे. निनावी तक्रारीवर कारवाई होणार नाही. घटनेला सात वर्षे उलटल्यास चौकशी होणार नाही.
- तक्रारदाराची ओळख उघड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.
- तक्रारदाराविरुद्ध केलेली कारवाई सूडापोटी नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी संबंधित शासकीय संस्थेवर राहील.
- जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व ३० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

यांतील सर्वांत मोलाची तरतूद पुराव्याच्या ओझ्याची आहे. एरवी ‘बदली प्रशासकीय कारणास्तव’ एवढे तीन शब्द लिहिले की सूड सिद्ध करण्याचे काम शिक्षकाच्या माथी येते. या कायद्याने ते ओझे प्रशासनाच्या खांद्यावर ठेवले. मात्र कायद्यात ‘सूड’ म्हणजे काय याची व्याख्या नाही आणि सूड घेणाऱ्याला स्वतंत्र शिक्षाही नाही.

याहून मोठी उणीव वेगळीच आहे. हा कायदा ज्या तारखेपासून लागू व्हावयाचा, ती तारीख केंद्र सरकारने आजतागायत अधिसूचित केलेली नाही. २०१५ मध्ये दहा प्रकारच्या माहितीचे प्रकटन वगळणारे दुरुस्ती विधेयक लोकसभेत मंजूर झाले. राज्यसभेत ते प्रलंबित राहिले आणि २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपताच व्यपगत झाले. मूळ कायदा तेव्हापासून पुस्तकातच आहे.

कोणाची शाळा, कोणते दार

कायदा लागू नसल्याने कोणत्या कर्मचाऱ्याला कोणते संरक्षण मिळते, हे त्याची शाळा कोणाची आहे यावर ठरते. २००४ चा ठराव केंद्र सरकार व केंद्राच्या नियंत्रणाखालील संस्थांपुरता मर्यादित आहे. त्यामुळे केंद्रीय विद्यालये आणि जवाहर नवोदय विद्यालये यांतील कर्मचाऱ्यांना त्याचा उपयोग करता येतो. तक्रार बंद लिफाफ्यात पाठवायची, लिफाफ्यावर ती या ठरावाखालील असल्याचे लिहायचे, नाव-पत्ता लिफाफ्यावर न लिहिता आतील पत्राच्या आरंभी किंवा अखेरीस द्यायचा, अशी पद्धत आहे. ओळख गुप्त राहावी म्हणून आयोग पोहोच देत नाही आणि तक्रारदारानेही पुढील पत्रव्यवहार टाळावा, असे सुचवतो.

जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिका आणि आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा राज्याच्या कक्षेत येतात. त्यांना या ठरावाचे छत्र नाही. खासगी अनुदानित शाळांचे व्यवस्थापन तर संस्थाचालकांच्या हाती आणि वेतन शासनाकडून, अशी दुहेरी स्थिती आहे. तरीही लाचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या दृष्टीने शासकीय आर्थिक साहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेचे पदाधिकारी व कर्मचारी हेही लोकसेवक आहेत. वैयक्तिक मान्यतेच्या प्रस्तावासाठी किंवा नेमणुकीसाठी पैसे मागितले गेल्यास राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे, १०६४ या निःशुल्क क्रमांकावरही, तक्रार करता येते. २०१८ च्या दुरुस्तीनुसार लाच देणे हाही गुन्हा आहे. मात्र सक्तीने लाच द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तपास यंत्रणेला कळविल्यास तो दोषी ठरत नाही.

याशिवाय, १९७१ च्या कायद्याने महाराष्ट्रात सुरू झालेली लोकायुक्त ही व्यवस्था आहे. विद्यार्थ्यांच्या हक्कांशी निगडित बाब असल्यास शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते. पालकांचे बहुमत असलेली शाळा व्यवस्थापन समिती अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवू शकते. शिक्षकाला जे उघड बोलता येत नाही ते विचारण्याचा अधिकार या समितीला कायद्यानेच दिलेला आहे. त्याचा वापर क्वचितच होतो.

दोन अधिकारी, दोन वाटा

जागल्याने केव्हा बोलावे, हा प्रश्न किती निर्णायक असतो हे हरियाणातील शिक्षकभरती प्रकरणातून दिसते. १९९९-२००० मधील या भरतीत ३ हजार २०६ कनिष्ठ प्राथमिक शिक्षक नेमले जाणार होते. प्राथमिक शिक्षण संचालक रजनी सेखरी सिब्बल यांच्यावर गुणयाद्या बदलण्यासाठी दबाव आला. त्यांनी नकार दिला, मूळ याद्या कपाटात मोहरबंद करून ठेवल्या आणि त्यांची बदली झाली. पुढे न्यायालयात त्यांची साक्ष फिर्यादी पक्षाला महत्त्वाची ठरली.

त्यांच्यानंतर या पदावर आलेले संजीव कुमार यांनी २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेऊन बनावट याद्यांचे प्रकरण उघड केले. त्यातूनच केंद्रीय अन्वेषण विभागाचा तपास सुरू झाला. जानेवारी २०१३ मध्ये दिल्लीतील विशेष न्यायालयाने माजी मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटाला यांच्यासह ५५ जणांना दोषी ठरविले. त्यांत खुद्द संजीव कुमार यांचाही समावेश होता. याद्या बदलण्यात त्यांचा स्वतःचा सहभाग असल्याचे न्यायालयाने मानले.

हे प्रकरण शाळेतील प्रत्येक कर्मचाऱ्याला लागू पडणारे आहे. नकाराच्या क्षणी बोलणारा साक्षीदार होतो. सही केल्यानंतर बोलणारा, त्याच्यामुळेच सत्य बाहेर आले असले तरी, आरोपी होऊ शकतो. माफीचा साक्षीदार होण्याचा मार्ग न्यायालयाच्या परवानगीवर अवलंबून असतो, तो हक्क नव्हे. त्यामुळे ज्यांच्याकडे सर्वाधिक माहिती असते, त्यांनाच गप्प राहण्याचे सर्वाधिक कारण असते.

सूड उगवला गेल्यास दाद कोठे?

जागल्याविरुद्धची कारवाई बहुधा त्याच्या तक्रारीचा उल्लेखही करीत नाही. उशिरा येणे, अभिलेख अपूर्ण ठेवणे, वरिष्ठांशी उद्धट वर्तन अशी कारणे दिली जातात. विभागीय चौकशी वर्षानुवर्षे चालते आणि तोवर पदोन्नती अडते. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या संगणकीय प्रणालीने होऊ लागल्याने बदलीचे अस्त्र काहीसे बोथट झाले. निलंबनाचे तसेच राहिले.

दाद मागण्याची ठिकाणेही नोकरीच्या प्रकारानुसार बदलतात. राज्य शासनाच्या शाळांतील कर्मचारी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. जिल्हा परिषद शिक्षकाला १९६४ च्या शिस्त व अपील नियमांनुसार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते आणि त्यानंतर उच्च न्यायालयाचा मार्ग असतो. खासगी शाळांतील कर्मचाऱ्यासाठी महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनती झाल्यास आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. निलंबनाचा काळ पूर्वपरवानगीशिवाय चार महिन्यांहून अधिक असू नये, असे त्याखालील नियम सांगतात.

जिवाला धोका असल्यास महाराष्ट्र साक्षीदार संरक्षण व सुरक्षा अधिनियम, २०१७ आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी मंजुरी दिलेली साक्षीदार संरक्षण योजना यांचा आधार घेता येतो. मात्र ही व्यवस्था फौजदारी खटल्यातील साक्षीदारांसाठी आहे. सेवाविषयक छळ तिच्या कक्षेत येत नाही.

तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करणारे शिक्षणसेवक, तासिका तत्त्वावरील शिक्षक, कंत्राटी कर्मचारी आणि पोषण आहाराच्या स्वयंपाकिणी यांची स्थिती सर्वांत नाजूक असते. त्यांना काढून टाकण्यासाठी अनेकदा बडतर्फीचा आदेश काढावाच लागत नाही. पुढील नेमणूक दिली नाही की काम संपते.

अन्य देशांतील अनुभव

या विषयातील जगभर उद्धृत होणारा खटला एका शाळाशिक्षकाचाच आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील मार्विन पिकरिंग या शिक्षकाने शाळा मंडळ अभ्यासापेक्षा खेळांवर अधिक खर्च करते, असे पत्र स्थानिक वृत्तपत्राला लिहिले आणि त्याला काढून टाकण्यात आले. १९६८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. शाळेचा निधी कसा खर्च होतो, याविषयी सर्वांत जाणकार मत शिक्षकांचेच असते; म्हणून सूडाच्या भीतीविना त्यांना बोलता आले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. २००५ मध्ये अलाबामातील बर्मिंगहॅम येथील रॉडरिक जॅक्सन या प्रशिक्षकाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. मुलींच्या बास्केटबॉल संघाला मुलांइतक्या सुविधा मिळत नाहीत, अशी तक्रार केल्यावर त्याचे प्रशिक्षकपद गेले होते. लिंगभेदाविरुद्ध तक्रार करणाऱ्यावर उगवलेला सूड हाही लिंगभेदच, असे न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले.

पण लगेच पुढच्या वर्षी, २००६ मध्ये, लॉस एंजेलिसमधील एका सरकारी वकिलाच्या खटल्यात हे संरक्षण आक्रसले. कर्तव्याचा भाग म्हणून केलेल्या विधानांना राज्यघटनेचे संरक्षण नाही, असा तो निर्णय होता. त्यामुळे वृत्तपत्राला पत्र लिहिणारा शिक्षक सुरक्षित, पण मुख्याध्यापकांना अहवाल देणारा असुरक्षित, अशी विचित्र शक्यता निर्माण झाली. ही पोकळी तेथील राज्यांच्या स्वतंत्र कायद्यांनी कमी-अधिक प्रमाणात भरून काढली आहे. ब्रिटनमध्ये १९९८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक हितासाठी माहिती दिल्याबद्दल केलेली बडतर्फी आपोआप अन्याय्य ठरते आणि नियोजित पद्धतीने बाहेरच्या नियामक यंत्रणेकडे माहिती देण्याची मुभाही असते.

माहिती देताना घ्यावयाची काळजी

सध्याच्या चौकटीत कर्मचाऱ्याला काही गोष्टी उपयोगी पडतात. तोंडी सूचनेपेक्षा लेखी निवेदन अधिक टिकते; त्याची आवक क्रमांकासह पोहोच घ्यावी आणि प्रत शाळेबाहेर ठेवावी. तक्रारीत अनुमानापेक्षा तारीख, नोंदवही, देयक क्रमांक अशा पडताळता येणाऱ्या बाबी द्याव्यात. मूळ अभिलेख शाळेबाहेर नेऊ नयेत. तो स्वतंत्र गैरवर्तनाचा आरोप होऊ शकतो. आवश्यक कागद माहिती अधिकार कायदा, २००५ खाली नागरिक म्हणून मागता येतात. तो हक्क शासकीय कर्मचाऱ्यालाही आहे. तपास यंत्रणेला गोपनीयरीत्या दिलेल्या माहितीचा स्रोत उघड होणारी माहिती त्याच कायद्याच्या कलम ८ नुसार नाकारता येते. चुकीच्या कागदावर सही करण्याचा तोंडी आदेश मिळाल्यास तो लेखी मागावा. मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात मात्र कागद जमविण्यात वेळ घालवू नये. तेथे प्रथम पोलिसांना कळविणे हेच कर्तव्य आहे आणि बालकाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे.

अपूर्ण राहिलेले काम

शाळांमध्ये तक्रारपेट्या लागल्या, कॅमेरे बसले, समित्या नेमल्या गेल्या. या सर्व उपायांचा रोख घटना टिपण्यावर आहे. घटना पाहणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेवर नाही. कॅमेऱ्याला बदलीची भीती नसते, पण गोदामातील तांदूळ कमी भरतो हे त्याला समजतही नाही. ते समजते मापाड्याला, स्वयंपाकिणीला, वर्गशिक्षकाला.

केंद्राने २०१४ चा कायदा अमलात आणण्याची तारीख अधिसूचित करणे, राज्याने शालेय शिक्षणासाठी शिक्षण खात्याबाहेरचा सक्षम प्राधिकारी नेमणे, ‘पोक्सो’खाली माहिती देणाऱ्याला सेवाविषयक संरक्षण देणे आणि कंत्राटी व मानधनावरील कर्मचाऱ्यांना त्यात सामावून घेणे, ही कामे बाकी आहेत. त्यांतील पहिल्या कामासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. राजपत्रातील एक अधिसूचना पुरेशी आहे. तोवर तेलाला वेगळा वास येतो, हे सांगण्याची हिंमत ज्याची त्यालाच करावी लागणार आहे.